ताईच्या गॅरेजातली काळी गाडी

१२ जानेवारी

बारक्या,

फोनवर सांगायला घेतलं होतं, पण तुझ्या वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर माझ्यापेक्षा मोठ्याने बोलतो. शिवाय फोनवर तू नुसता "हो ताई, हो ताई" करतोस आणि डोक्यात काही शिरत नाही. मी नर्सिंगच्या हॉस्टेलवर गेले तेव्हापासून आपण महत्त्वाचं ते कागदावरच लिहीत आलोय, आणि हे महत्त्वाचं आहे.

घराला लागून असलेलं गॅरेज मी रिकामं केलं. त्यात गाडी सोडून सगळं होतं. लेकाची लहानपणची सायकल, फाटकी गादी, रंगाचे वाळलेले डबे, आणि तुझ्या भाऊजींच्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, ज्या ते निवृत्त झाल्यावर वाचणार होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पुरवणी एक उघडली नाही. रद्दीवाला आला तेव्हा ते दाराआड उभे राहून बघत होते. आमची छोटी गाडी आता फाटकाबाहेर झाडाखाली असते आणि पक्षी तिच्यावर मनापासून प्रेम करतात.

आता ऐक. या गॅरेजमध्ये मी लोकांच्या गाड्यांचं डिटेलिंग करणार आहे. नुसतं धुणं-पुसणं नाही. रंगावरचे बारीक ओरखडे काढायचे, गेलेली चकाकी परत आणायची, सीट, काचा, फटींतली माती, सगळं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी दर सुटीला एका दुकानात जाऊन शिकले. तुला सांगितलं नाही, कारण तू हसला असतास. आता हस.

का, ते सांगते. माझं सगळं आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं. कात्री दे, चिमटा दे, दोरा दे. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत हवं ते त्यांच्या हातात असायचं, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण काम कायम दुसऱ्याच्या हातचं. पेशंटचे नातेवाईक डॉक्टरांचे आभार मानत असायचे तेव्हा मी आत ट्रॉली पुसत असायचे. मला आता पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातचं काम करायचंय, आणि बघणाऱ्याने म्हणायला हवं की हे हिने केलं. एवढंच आहे बघ.

तू आयुष्यभर गाड्या रंगवल्यास म्हणून विचारते. भिंतींना कुठला रंग लावू? दिवे कुठे लावू? आणि पहिली गाडी तुझीच आण, ती निळी.

ताई


२१ जानेवारी

मेट्रन ताई,

तुला कोपरापासून नमस्कार. पत्र वाचून मी हसलो नाही, तुझ्या वहिनीला वाचायला दिलं. ती म्हणाली, ताईंनी करायचं ठरवलं म्हणजे झालंच. बायका एकमेकींना फितूर असतात, दुसरं काय.

मी खरं ते बोलतो. लोक गाडी देताना आधी माणूस बघतात. माझ्याकडे येतात, माझी रंगाने भरलेली नखं बघतात आणि किल्ली देतात. पांढऱ्या केसांची, घडीची साडी नेसलेली बाई गॅरेजच्या दारात उभी दिसली तर पत्ता विचारून पुढे जातील. वाईट वाटून घेऊ नकोस. हौस म्हणून भाऊजींची गाडी चकचकीत कर, पक्ष्यांनाही बरं वाटेल.

आणि माझी निळी गाडी नाही मिळणार. तो रंग मी स्वतः मिसळलाय, स्वतः मारलाय. तिला मी कोणालाही फडकं लावू देत नाही. तुझ्या वहिनीने एकदा पदराने काच पुसली तर मी दोन दिवस गप्प होतो.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. भिंतींना फिकट राखाडी रंग दे, तोही चकचकीत नको. तुला हॉस्पिटलचा हिरवा लावायचा असणार, ते खूळ डोक्यातून काढ. गाडीत भिंतीचा रंग उतरतो आणि नजर फसते. दिवे नुसते छताला लावू नकोस. वरच्या उजेडात सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात. दोन्ही भिंतींवर दरवाजाच्या उंचीला उभे दिवे लाव, म्हणजे आडवा उजेड पडेल आणि ओरखडा लपणार नाही. छताला पत्रा आहे ना? त्याला खालून फळ्या मार, नाहीतर वरून धूळ पडत राहील. जमिनीला पाणी जायच्या जाळीकडे उतार हवा. आणि काम करताना घड्याळ, अंगठी, कमरेचा पट्टा, काही अंगावर ठेवायचं नाही. रंगाला सगळ्यात जास्त ओरखडे माणसाच्या पट्ट्याने पडतात.

हे सगळं करायला महिने लागतील. तोवर तुझा उत्साह ओसरेल, अशी आशा आहे.

बारक्या


१४ फेब्रुवारी

बारक्या,

उत्साह ओसरला नाही, गॅरेज मात्र उभं राहिलं.

भिंती राखाडी. (हिरव्याचा डबा आणला होता, कबूल. परत केला.) दिवे तू म्हणालास तसे. पहिल्यांदा लावले तेव्हा आमच्या गाडीचा दरवाजा बघून मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं जिला स्वच्छ समजत होते तिच्यावर मांजरं कुस्ती खेळल्यासारखी दिसली. छताला फळ्या मारल्या, फटी बुजवल्या. जमिनीचा उतार गवंड्याने पहिल्यांदा उलटा काढला. मी मधोमध बादली उपडी केली आणि पाणी त्याच्या चपलांपाशी जाऊन थांबलं. त्याने अख्खा उतार परत काढला.

हॉस्पिटलच्या भंगारात अवजारांची ट्रॉली निघाली होती, ती आणली. चाकांना तेल घातलं. वरच्या खणात ब्रश लहानापासून मोठ्यापर्यंत, मधल्यात पॉलिशच्या बाटल्या, खाली मशीन आणि स्पंज. दाराशी एक स्टीलचा ट्रे, त्यात घड्याळ, अंगठी, पट्टा काढून ठेवायचा. बादल्या दोन, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची, दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे माती खाली बसते आणि परत गाडीवर जात नाही.

फडक्यांचे रंग ठरवून टाकलेत. निळी रंगावर, पांढरी काचेवर, करडी चाकांना. जमिनीवर पडलं ते फडकं मेलं, मग ते कितीही स्वच्छ दिसो. तुझे भाऊजी परवा पडलेलं फडकं झटकून परत ठेवत होते, त्यांना थिएटरमध्ये नव्या डॉक्टरांना द्यायचे तोच आवाज दिला. काम सुरू करताना फडकी मोजायची, संपल्यावर मोजायची. रोज संध्याकाळी मी ती मोठ्या पातेल्यात उकळते, वाळवते आणि भाऊजी कडक इस्त्री करून घड्या घालतात. माझ्या कपाटातली फडकी बघशील तर तोंडात बोट घालशील. आमच्या थिएटरच्या कपड्यांचीही एवढी बडदास्त नव्हती.

आणि ऐक, गाडी मिळाली. कोणाची, तर मोठ्या डॉक्टरांची. ज्यांच्या टेबलाशी मी आयुष्यभर उभी राहिले ते. कोणाला कधी "बरं केलंत" म्हणाले नाहीत. ऑपरेशन मनासारखं झालं की मागे वळून न बघता हातमोजे काढत निघून जायचे, तेवढीच पावती. त्यांची गाडी काळी आहे. बोनेटची चकाकी गेलीय आणि सगळ्या अंगावर बारीक खडखडीतपणा आहे. हाताला प्लास्टिकची पिशवी घालून रंगावरून हात फिरवला की बोटांना कळतं. त्यांना ती चांगली करून मिळाली तर अख्खं हॉस्पिटल माझ्याकडे येईल. नाही मिळाली तर कोणीच येणार नाही, हेही मला कळतं.

तू म्हणालास लोक माणूस बघतात. त्यांनी बघितला.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

फडकी उकळतेस? इस्त्री करतेस? मी सगळ्या वर्कशॉपला वाचून दाखवलं. आमचा वेल्डर म्हणाला, गाडीला भूल कोण देणार? दुसरा म्हणाला, टाके कधी काढायचे? दिवसभर हेच चाललं होतं. भाऊजींची मात्र मला कीव येते. नोकरीभर फायलींवर सह्या केल्या आणि म्हातारपणी फडक्यांना इस्त्री.

गॅरेज मात्र, तू लिहितेस त्यावरून, बरं जमलेलं दिसतंय. उलट्या उताराचं वाचून मला आमच्या इथली फरशी आठवली. ती अजून उलटीच आहे. बादली उपडी करायचं मला सुचलं नव्हतं.

काळ्या गाडीपासून जपून राहा. काळा रंग चहाडखोर असतो. तुझा हात जरा चुकला तरी उन्हात गावभर सांगतो.

बारक्या


६ मार्च

बारक्या,

गाडी झाली. भाऊजी बरे आहेत. इथे ऊन वाढलंय. पत्र लिहिण्याइतकं काही विशेष नाही.

ताई


१३ मार्च

ताई,

हे काय पत्र झालं? तार करणारेसुद्धा जास्त शब्द लिहितात.

समजलो. डॉक्टरांची गाडी झाली, गाड्यांची रांग लागली, आता धाकट्या भावाला चार ओळी लिहायला मेट्रनला फुरसत नाही. मी थट्टा केली त्याचा राग असेल तर तसं सरळ लिही. मी काही तुझं वाईट चिंतलं नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले, एवढं तरी कळवायचं होतंस. मी रोज पोस्टमनची वाट बघतो आणि मिळतं काय, तर ऊन वाढलंय.

अभिनंदन तरी घे. मनापासून आहे.

बारक्या


१९ मार्च

बारक्या,

अभिनंदन परत घे. गाडी अजून माझ्याच गॅरेजमध्ये आहे.

मी सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. धुतली, चिकणमातीसारखा तो गोळा फिरवून खडखडीतपणा काढला, मशीनने पॉलिश केलं. शेवटी निळ्या फडक्याने हलक्या हाताने पुसली. आतल्या उजेडात नजर ठरत नव्हती. भाऊजींनी गाडीच्या टपात बघून केस विंचरले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. मग गाडी बाहेर उन्हात काढली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बोनेटपासून डिकीपर्यंत बारीक चऱ्यांचं जाळं होतं. आणली होती तेव्हा एवढे चरे नव्हते. ते मी घातले.

परत आत घेतली. परत पॉलिश केलं, परत पुसलं. चरे जातात आणि पुसलं की नवे येतात. जितकी जपून पुसते तितके जास्त. तुला चार ओळींचं पत्र टाकलं तेव्हा दुसऱ्यांदा करत होते. वाटलं, आता होईल आणि मग सगळं सांगेन. झालं नाही. डॉक्टरांचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी "अजून थोडं राहिलंय" म्हणाले. ते टॅक्सीने फिरतायत. मी आयुष्यात त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते.

हात तोच आहे रे. या हाताने कधी चूक केली नाही. मग असं वाटतं की हा हात फक्त सामान द्यायलाच होता. शटर ओढून घेतलंय. ट्रॉली विकून टाकावी असं मनात आहे. तू बरोबर होतास, लोक माणूस बघतात तेच ठीक.

ताई


२४ मार्च

ताई,

शटर वर कर. आधी वर कर आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र आलं आणि मी काम टाकून तुझी सगळी पत्रं काढून बसलो. बादल्या दोन, बरोबर. तळाला जाळी, बरोबर. घड्याळ, पट्टा काढलेला. पडलेलं फडकं बाद. इतकं नीट माझ्याकडेही कोणी करत नाही. मग चौदा फेब्रुवारीच्या पत्रात ते वाक्य आलं, ज्यावर मी अख्ख्या वर्कशॉपला हसवलं होतं. मोठ्या पातेल्यात उकळते, वाळवते आणि भाऊजी कडक इस्त्री करून घड्या घालतात.

अगं, ती सुती नाहीत. मायक्रोफायबर म्हणजे प्लास्टिकचाच बारीक तंतू. उकळलं की कडक होतो, इस्त्रीने टोकं वितळतात. हाताला मऊ लागलं तरी काळ्या रंगाला ते घासणीसारखं लागतं. एक फडकं घे आणि घरातल्या गाण्यांच्या जुन्या सीडीच्या चकचकीत तबकडीवर फिरवून उन्हात बघ. चरे तुझ्या हाताने नाही पडले. थिएटरच्या शिस्तीने पडले. जगात दुसऱ्या कोणाकडून ही चूक झाली नसती, कारण फडक्याची एवढी काळजी दुसरं कोणी घेतच नाही.

आणि मला ते वाचताक्षणी कळायला हवं होतं. मी गाड्यांचं काम करतो आणि मी काय केलं, तर विनोद. हे मला झोंबलंय, ताई. तेव्हाच एक ओळ लिहिली असती तर तुला हे दिवस दिसले नसते.

पत्रासोबत पार्सल आहे. नवी फडकी आहेत, ती कोमट पाण्यात धुवायची आणि सावलीत वाळवायची. भाऊजींना इस्त्रीतून निवृत्त कर. दुसऱ्या खोक्यात माझं मशीन आहे, ते जुनं. आजवर कोणाला हात लावू दिलेला नाही. मऊ स्पंज लाव, सगळ्यात बारीक पॉलिश घे, आणि आधी बोनेटच्या कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघ. कडांना चिकटपट्टी लाव, तिथे रंग पातळ असतो. पॉलिशच्या तेलात चरे दडतात म्हणून पाणी घातलेल्या स्पिरिटने पुसून मगच खात्री कर. स्पिरिट काय असतं ते तुला मी सांगायला नको.

आणि डॉक्टरांना खरं सांग. तुला खोटं बोलणं शोभत नाही, जमतही नाही.

बारक्या


९ एप्रिल

बारक्या,

तबकडीवर फडकं फिरवलं. उन्हात धरली. मग एक खुर्ची घेऊन बसले आणि खूप वेळ हसले, थोडी रडलेही. भाऊजी म्हणत होते, पण माझी इस्त्री चांगली होती. चांगलीच होती, तीच तर नडली.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. उभ्या उभ्या सांगितलं, की तुमच्या गाडीला मी चरे पाडलेत, चूक कळलीय, दुरुस्त करीन, पण वेळ लागेल, आणि गाडी आत्ताच परत हवी असेल तर किल्ली ही इथे ठेवते. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, एकदा मोजणीत एक कापड कमी भरलं तेव्हा तुम्ही मला टाके घालू दिले नव्हते. मी ओरडलो, तरी हलला नाहीत. आणि ते सापडलं. आता मी घाई करणार नाही. तुमची मोजणी होऊ द्या." किल्ली माझ्याकडे सरकवून ते फाइल उघडून बसले.

तुझं मशीन जड आहे, पण हाताला शहाणं आहे. वीतभर जागा केली, स्पिरिटने पुसली, दारात आरसा धरून ऊन त्यावर पाडलं. चरा नाही. मग पुढची वीत. दरवाजा, डिकी, टप. रोज थोडं. शेवटचं पुसून झाल्यावर फडकी मोजली, सगळी होती.

डॉक्टर घ्यायला आले. गाडीभोवती एक फेरी मारली, हात पाठीमागे बांधून, राउंडला यायचे तसेच. आत बसले आणि गाडी बाहेर काढली. मला वाटलं, गेले, नेहमीसारखे मागे न बघता. फाटकाबाहेर गाडी थांबली. ते उतरले. भर उन्हात परत एक फेरी मारली, बोनेटवर वाकले आणि मग माझ्याकडे चालत आले.

म्हणाले, "सिस्टर, आजवर आपण जे केलं त्याला सगळे माझं म्हणाले. हे तुमच्या हातचं आहे."

ते गेल्यावर गॅरेजमध्ये जाऊन सगळे दिवे लावले आणि रिकाम्या जमिनीकडे बघत उभी राहिले. माझा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. तुझाही वाटला. तू ती पत्रं काढून बसला नसतास तर हे शटर बंदच राहिलं असतं.

मशीन पुसून ठेवलंय. परत पाठवू का?

ताई


१६ एप्रिल

ताई,

मशीन ठेवून घे. माझ्याकडे ते नुसतं खोक्यात पडून होतं.

तुझं पत्र मी वर्कशॉपमध्ये मोठ्याने वाचलं. कॉम्प्रेसर बंद करून. मागे हसले होते ते सगळे होते, वेल्डरसुद्धा. डॉक्टर फाटकातून परत आले तिथपर्यंत वाचलं आणि पुढचं मला वाचता येईना, तेव्हा वेल्डरने वाचून पूर्ण केलं. त्यानंतर मी सगळ्यांना सांगितलं की ही माझी बहीण. त्यांना माहीत होतं, तरी सांगितलं. आता आमच्या इथेही पडलेलं फडकं बाद, दाराशी एक ट्रे, आणि फरशीचा उतार दुरुस्त करायला गवंडी येतोय. बादली मी स्वतः उपडी करणार आहे.

एक विनंती आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी येतो. निळी गाडी घेऊन. पंधरा दिवस मी तिला फडकं लावलेलं नाही, तुझी वहिनी रोज माझ्याकडे बघून गालात हसते. रस्त्याची धूळ तशीच अंगावर घेऊन येतो. तिला तू हात लाव. मी कोपऱ्यात स्टुलावर बसेन आणि एक शब्द बोलणार नाही.

बारक्या


२० एप्रिल

बारक्या,

रविवार रिकामा नाही. रविवारी भुलीच्या डॉक्टरांची गाडी आहे. त्या लाल गाडीला बरीच भूल द्यावी लागेल, वेल्डरला सांग. सोमवारी एक्स-रेवाल्यांची, मंगळवारी समोरच्या घरातल्या शिक्षकांची. तुझा नंबर बुधवारी सकाळी लागतो. भाऊ म्हणून मध्ये घुसवणार नाही, हॉस्पिटलमध्येही घुसवत नव्हते.

राहायला मात्र शनिवारीच ये. वहिनीला आण, माझ्या बाजूने बोलणारं कोणीतरी हवं. भाऊजींनी तुझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलंय आणि ते कुठे ठेवायचं त्याची जागा मी जमिनीवर खडूने आखलीय. त्या रेघेच्या आत यायचं नाही. घड्याळ, अंगठी, पट्टा दारातल्या ट्रेमध्ये. तू तुझ्या वर्कशॉपचा मालक, इथे तू गाडीवाला.

आणि वाटेत कुठे थांबलास आणि हात शिवशिवला तरी तिला पुसू नकोस. ती धूळ आता माझी आहे.

ताई